एएनए पॉझिटिव्ह आलं म्हणून घाबरले? आधी तिचे हात नीट बघा

भाऊ, तुम्ही लांबलचक लिहिलंय, त्यातलं कामाचं तेवढं आधी एका जागी आणते. बहीण 26 वर्षांची, आठ महिन्यांपासून दोन्ही गालांवर आणि नाकावर लालसर चट्टे, उन्हातून आली की जास्त. मेडिकलमधून आणलेली ट्यूब (मेडिकल म्हणजे औषधाचं दुकान, आपलं सरकारी मेडिकल नव्हे) लावली की पाच-सहा दिवस छान आणि सोडली की दुप्पट. डिसेंबरात सकाळी भांडी घासताना बोटं पांढरीफटक पडायची, सकाळी उठल्यावर सांधे आखडतात, केस गळून राहिले. फॅमिली डॉक्टरनी एएनए करायला लावलं, ते 1:320 स्पेकल्ड (म्हणजे ठिपक्यांच्या नमुन्याचं) पॉझिटिव्ह आलं, तुम्ही रात्री दोन वाजेपर्यंत नेटवर लुपस-लुपस (प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर उठते असा एक ऑटोइम्यून आजार) वाचत बसले आणि आता आई रडून राहिली कारण मुलीसाठी स्थळं बघणं सुरू आहे. आजी म्हणते अंगात उष्णता आहे, सब्जा द्या.

मी नागपुरात बावीस वर्षं स्किनची प्रॅक्टिस करते, भंडारा-गोंदियापासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे पेशंट इथे येतात, आणि तुमच्या प्रश्नातली एकेक ओळ मी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलीय, सब्ज्यासकट. तिला न बघता हे अमुकच आहे असं मी सांगणार नाही, पण काय बघायचं आणि कशाला घाबरायचं नाही ते सांगते.

घरातली सगळी रडारड त्या रिपोर्टवरून आहे तर तोच आधी घेऊ. आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध शरीराने अँटिबॉडी बनवल्यात का ते एएनएमध्ये बघतात, रक्तातलं पाणी पातळ करत करत जातात आणि किती पातळ केल्यावरही चमक दिसते ते 1:40, 1:80 असं लिहितात. आता ठणठणीत माणसांच्या रक्तावर हीच टेस्ट करून 1997 साली आकडे छापले होते, त्यात 1:40 ला जवळजवळ 32 टक्के निरोगी लोक पॉझिटिव्ह निघाले, 1:80 ला 13 टक्के, 1:160 ला 5 टक्के, आणि तुमच्या बहिणीच्या 1:320 ला सुद्धा 3 टक्क्यांच्या थोडे वर. म्हणजे शनिवारी संध्याकाळी नागपुरात बर्डीच्या मेन रोडवरून शंभर धडधाकट लोक धरून आणले तर त्यात साधारण तिघांचा रिपोर्ट असाच येईल आणि बहुतेक त्यांना आयुष्यात काहीच होणार नाही. उलट बाजू पण आहे. 2019 पासून लुपसचे जे निकष वापरतात त्यात एएनए निदान 1:80 असल्याशिवाय पुढचं मोजायलाच घेत नाहीत. तर ते प्लॅटफॉर्म तिकीट समजा, नसेल तर स्टेशनात शिरता येत नाही पण त्याच्यावर गाडीत बसता येत नाही. तुमच्या बहिणीला चट्टे, सांधे, बोटं असं बाकीचं सामान सोबत आहे म्हणून तिचा 1:320 मी गंभीरपणे घेईन. अंगावर काहीच नसताना नुसता रिपोर्ट घेऊन कुणी आलं असतं तर बहुतेक लघवी आणि साधं रक्त तपासून घरी पाठवलं असतं. आणि एक, तो रिपोर्ट दर महिन्याला करत बसू नका बाप्पा, एकदा पॉझिटिव्ह आला की आला, तो कमी-जास्त झाल्याने आजार वाढला की उतरला ते कळत नाही, नुसते पैसे जातात.

आता चेहरा. तिला दिवसा खिडकीपाशी उभी करा, ट्यूबलाइटखाली नको. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे एक घडी उतरते बघा, हसलं की खोल होते ती. लुपसचा चट्टा गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर पसरतो पण ही घडी बहुतेक वेळा सोडून देतो. त्याच घडीत लाली आणि तेलकट खवले असतील, भुवयांत आणि डोक्यात कोंडा असेल तर तो साधा सेबोरिक प्रकार, निम्म्या नागपूरला आहे. नुसता तपकिरी डाग, खाज नाही, जळजळ नाही, कपाळावर आणि वरच्या ओठावर पण, तर वांग. आणि नेटवरचे फोटो बघून जुळवू नका, ते बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात. आपल्या सावळ्या रंगावर तो बरेचदा लालभडक दिसत नाही, जांभळट किंवा विटकरी-तपकिरी दिसतो, त्यामुळे आपल्याकडे लुपसला वांग समजून गोरं व्हायची क्रीम लावलेल्या मुली मी कितीतरी बघितल्यात.

ट्यूबबद्दल मला राग आहे म्हणून जरा जास्त लिहिते. लावली की पाच दिवसांत छान आणि सोडली की दुप्पट, असं ऐकलं की नाव न बघता मी सांगते त्यात स्टेरॉइड आहे, क्लोबेटासोल नाहीतर बीटामेथासोन, सोबत एक बुरशीचं आणि एक जंतूंचं औषध मिसळलेलं. 2018 मध्ये सरकारने स्टेरॉइडच्या बऱ्याच क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी दुकानात जाऊन "चेहऱ्यावर लाल आलंय" म्हटलं की काउंटरवरचा पोरगा अजून काढून देतो. नुकसान दोन प्रकारचं होतं. एक तर आठ महिने लावल्यावर चेहऱ्याची कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, लव वाढते, पुरळ येतो, ऊन सहन होत नाही, म्हणजे ट्यूबमुळेच लुपससारखं दिसायला लागतं! दुसरं म्हणजे खरा लुपस असेल तर तो अर्धा झाकला जातो आणि बायोप्सीचा (कातडीचा बारीक तुकडा काढून तपासतात त्याचा) रिपोर्टही गुळमुळीत येतो. तर ती बंद करायचीच आहे पण बंद केल्यावर काही दिवस, कधी काही आठवडे, चेहरा भडकतो, म्हणून हे स्किनच्या डॉक्टरच्या सल्ल्याने करा, नाहीतर चौथ्या दिवशी ती घाबरून परत लावेल.

चेहरा फसवतो, म्हणून मी चेहऱ्यावर फार वेळ घालवत नाही, हात मागते. पेशंटला वाटतं ही बाई मॅड आहे, मी गाल दाखवून राहिली आणि ही नखं बघून राहिली. पण लुपस आणि त्याच्या भाऊबंद आजारांची खरी ओळख हातांवर असते. मूठ वळवून वरून बघा. बोटांच्या सांध्यांच्या मधल्या भागावर, जिथे केस असतात तिथे, लालसर-जांभळट चट्टे आणि सांध्यांचे उंचवटे मात्र कोरे, हे लुपसच्या बाजूने. बरोबर उलटं, सांध्यांच्या उंचवट्यांवरच जांभळट चपट्या पुटकुळ्या, तर तो वेगळाच आजार, डर्मॅटोमायोसायटिस, त्यात कातडीसोबत स्नायूंना सूज येते. मग नखाच्या मुळाशी बघा. तिथली कातडी जाड, खरखरीत झालीय का, त्यात लाल ठिपके किंवा तुटक्या लाल रेघा दिसतात का. मोबाइलचा कॅमेरा झूम करून थोडंफार दिसतं, आम्ही डर्मोस्कोप (कातडी मोठी करून दाखवणारं भिंग) लावून बघतो. तिथल्या केशवाहिन्या फुगलेल्या, तुटलेल्या दिसल्या तर एएनए काही का म्हणेना, मी त्या पेशंटला सोडत नाही.

डर्मॅटोमायोसायटिसवरून एक मावशी आठवतात. डोळ्यांच्या पापण्यांवर जांभळट सूज, वर्षभर "केसांच्या डायची अॅलर्जी" म्हणून गोळ्या खाऊन राहिल्या होत्या, डाय सोडला तरी जाईना. मी विचारलं, मावशी वेणी घालता येते का? म्हणाल्या नाही हो, हात वर धरवतच नाही, सून घालून देते, आणि पाटावरून उठताना भिंत धरावी लागते. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं कारण स्किनच्या डॉक्टरला वेणीचं काहून सांगायचं! स्नायूंचं सीपीके तपासलं तर बरंच वाढलेलं. चाळिशीच्या पुढे हा आजार झाला तर कुठे कॅन्सर लपलाय का ते शोधावं लागतं, त्यांचं ते सगळं केलं, सुदैवाने काही निघालं नाही. याच आजाराचा एक वाईट प्रकार आहे ज्यात ताकद चांगली असते पण फुप्फुस झपाट्याने खराब होतं, तळहातावर दुखऱ्या पुटकुळ्या किंवा जखमा येतात. अशा चट्ट्यांसोबत दम लागत असेल किंवा कोरडा खोकला असेल तर आठवडाभर थांबायचं नाही.

बोटं पांढरी पडण्याला रेनॉड म्हणतात, 1862 मध्ये मॉरिस रेनॉड नावाच्या फ्रेंच डॉक्टरने लिहून ठेवलं म्हणून. लोक म्हणतात नागपुरात कुठली आली थंडी, पण डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातोच की, आणि बाकी वर्ष ऑफिसचा एसी आणि फ्रिजचं पाणी आहेच. आधी पांढरी, मग निळी, मग गरम झाल्यावर लाल आणि झिणझिण्या. तरुण मुलींमध्ये हे नुसतंच, काही आजार नसताना पण असतं, दोन्ही हातांना सारखं, जखमा नाहीत, नखांचं मूळ स्वच्छ, तर काळजी नाही. पण बोटं सकाळी सुजून पोळ्या लाटता येत नाहीत, जुनी अंगठी बसत नाही, बोटांच्या टोकांना टाचणी टोचल्यासारखे बारीक खड्डे पडलेत, असं असेल तर स्क्लेरोडर्माचा विचार करावा लागतो. त्यात कातडी हळूहळू घट्ट होत जाते आणि आपल्या रंगावर मान-छाती-कपाळावर पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची नक्षी दिसते, मीठ-मिरे सांडल्यासारखी, घरचे त्याला कोड समजतात.

इथे विदर्भातली एक खास अडचण सांगते. स्क्लेरोडर्मात तोंड उघडेनासं होतं. आणि आपल्याकडे तोंड उघडत नाही म्हटलं की पहिला संशय खऱ्र्यावर, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणावर. एका बाईला जिथेतिथे "खर्रा खाता का, खरं सांगा" असं विचारून रडवलं होतं, तिने जन्मात सुपारी तोंडात घातली नव्हती. फरक सोपा आहे, खऱ्र्याने गालाच्या आतली बाजू पांढरी, ताठ होते आणि आत बोट फिरवलं की पट्टे लागतात. स्क्लेरोडर्मात बाहेरची ओठांभोवतीची कातडी आवळते, उभ्या सुरकुत्या पडतात आणि बोटं पण कडक असतात. अशा पेशंटला कुणी जोरदार स्टेरॉइड गोळ्या सुरू केल्या तर किडनीवर अचानक संकट येऊ शकतं, प्रेडनिसोलोन दिवसाला 15 मिलिग्रॅमच्या वर गेलं की धोका वाढतो, म्हणून "सगळ्या ऑटोइम्यूनला स्टेरॉइड" हे डोक्यातून काढा. लुपस, स्क्लेरोडर्मा आणि स्नायूंचं थोडं थोडं एकत्र असाही एक मिश्र आजार असतो, त्यात यू-वन आरएनपी नावाची अँटिबॉडी वाढलेली असते, स्पेकल्ड एएनए आणि पांढरी पडणारी बोटं असली की ते पण बघून घ्यावं लागतं. तुमच्या बहिणीसाठी हे मी मुद्दाम लिहून राहिली.

माझी स्वतःची एक चूक पण सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका बाईच्या पाठीवर आणि दंडावर गोल गोल कडा असलेले चट्टे होते, पावसाळा होता, रोज गजकर्णाचे पन्नास पेशंट, मी पण गजकर्ण म्हणून टर्बिनाफिनच्या, म्हणजे बुरशीवरच्या, गोळ्या लिहून दिल्या. तीन आठवड्यांनी आली तर चट्टे दुप्पट. खरवडून बघितलं तर बुरशी नाहीच, बायोप्सीत लुपस, सबअॅक्यूट नावाचा, आणि वर टर्बिनाफिन हे औषध स्वतःच हा प्रकार भडकवू शकतं हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. अॅसिडिटीच्या पॅन-ओमेझसारख्या गोळ्या आणि बीपीची हायड्रोक्लोरोथायझाइड यांच्यामुळेही होऊ शकतो. तेव्हापासून फक्त उघड्या भागावर, म्हणजे गळ्याच्या व्ही आकारात, पाठीच्या वरच्या भागात, दंडाच्या बाहेरच्या बाजूला "गजकर्ण" दिसलं आणि कंबर-जांघ स्वच्छ असली की मी आधी विचारते, उन्हात वाढतं का?

डिस्कॉइड लुपसबद्दल थोडक्यात, त्यात कानाच्या पाळीच्या वरच्या खोलगट भागात, टाळूवर, ओठांवर जाड खवल्यांचे चट्टे येतात, मध्ये पांढरं आणि कडेला काळं होऊन व्रण राहतो आणि तिथले केस परत येत नाहीत. नुसत्या लुपसमुळे विरळ झालेले केस येतात, व्रणावरचे नाही, म्हणून हा प्रकार लवकर धरायचा. बरं, डिस्कॉइडवाल्या शंभरातल्या साधारण 5 ते 10 जणांनाच पुढे शरीरातल्या अवयवांचा लुपस होतो. आणि आपल्या भागात चट्टा दिसला की घरचे कुजबुजतात "महारोग तर नाही?" तर कुष्ठरोगाच्या बहुतेक चट्ट्यांना संवेदना कमी असते, लुपसच्या चट्ट्याला सगळं कळतं, तपासायला दोन मिनिटं लागतात, आणि कुष्ठरोग निघाला तरी तो औषधाने पूर्ण बरा होतो. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) पण आपल्याकडे भरपूर आहे, सांधेदुखीचं खापर लुपसवर फोडायच्या आधी ती टेस्ट झालेली असावी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच नेमकं कुणी करत नाही. लघवी तपासा. उद्या सकाळी. लुपसमध्ये किडनीला सूज येते तेव्हा सुरुवातीला बहुतेक दुखत नाही, ताप नाही, काही नाही, गालावरच्या चट्ट्यासाठी लोक तीन डॉक्टर बदलतात आणि लघवीतून प्रोटीन जाऊन राहिलं हे कुणाच्या गावी नसतं. लघवीची साधी तपासणी, त्यात प्रोटीन किंवा रक्तपेशी दिसल्या तर प्रोटीन-क्रिएटिनिनचं गुणोत्तर, सीबीसी, क्रिएटिनिन आणि बीपी मोजणं. तुमच्या एएनएच्या बिलात हे सगळं बहुतेक बसून गेलं असतं! त्यानंतर अँटि-डीएसडीएनए, सी-3, सी-4 आणि ईएनए प्रोफाइल (कुठली अँटिबॉडी आहे ते बघायची टेस्ट) या रक्ताच्या पुढच्या तपासण्या, हे मात्र डॉक्टर सांगतील तसं. चट्ट्याची चार मिलिमीटरची बायोप्सी लागू शकते, चेहऱ्यावर म्हणून घाबरू नका, एखादा टाका पडतो.

लुपसच निघाला असं धरलं तर उपचाराचे दोन खांब, ऊन टाळणं आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. आपल्या पोरी गाडीवर दुपट्टा बांधून फिरतात ते फार छान, पण झिरझिरीत दुपट्ट्यातून ऊन आरपार जातं, घट्ट विणीचा, गडद रंगाचा घ्या. सनस्क्रीन एसपीएफ 30 च्या वर आणि पीए तीन प्लस, चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांवर पूर्ण लांब रेघ इतकं, निघायच्या वीस मिनिटं आधी, दर दोन-तीन तासांनी परत. लोक चण्याएवढं लावतात आणि म्हणतात उपयोग नाही. मे महिन्यातलं 45 डिग्रीचं ऊन सगळेच टाळतात, चट्टे भडकतात ते जुलैच्या ढगाळ दिवसांत आणि खिडकीच्या काचेजवळ बसून, कारण उन्हातले यूव्ही-ए किरण काचेतून येतात. एवढं झाकल्यावर व्हिटॅमिन डी तपासून गोळीने भरून काढायचं.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन म्हणजे तीच कोविडवाली गोळी, 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये लोकांनी साठे केले आणि माझ्या लुपसच्या पोरींना दहा दुकानं फिरावं लागलं. परिणाम दिसायला दीड ते तीन महिने लागतात, पंधरा दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नये. डोस वजनाच्या किलोला दिवसाला 5 मिलिग्रॅमच्या आत, म्हणजे 50 किलोच्या मुलीला 250 च्या वर नाही. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी पहिल्या वर्षात एकदा आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी. बिडी-सिगारेटने या आजाराचे चट्टे चिवट होतात, आणि बोटं पांढरी पडणाऱ्यांनी तंबाखूला हातच लावू नये. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे, गुळवेल वगैरे बंद, इथे प्रतिकारशक्ती कमी नाही, ती आपल्याच अंगावर उठलीय. आजींचा सब्जा चालू द्या, त्याने काही बिघडत नाही.

लग्नाचं. हा संसर्गाचा आजार नाही, ताटातून-टॉवेलमधून कुणाला होत नाही. मूल होतं, फक्त आजार सहा महिने शांत असताना ठरवून, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गरोदरपणातही चालू ठेवायची असते. मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट, सायक्लोफॉस्फमाइड यातलं काही चालू असेल तर आधीच बदलावं लागतं. ईएनएमध्ये अँटि-रो नावाची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर बाळाच्या हृदयाचे ठोके मंद पडण्याचा धोका शंभरात एक-दोन असतो, त्यासाठी चौथ्या महिन्यापासून बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करत राहतात. समोरच्या घरी सांगायचं की नाही, तर माझं मत सांगावं, पण निदान पक्कं झाल्यावर आणि मुलीने स्वतः, नेटवरचं वाचून मामाने नाही. लपवलेल्या गोळ्या सासरी जाऊन बंद पडतात आणि मग माझ्याकडे किडनी सुजलेल्या अवस्थेत येतात, हे मी तीनदा बघितलंय.

ही अपॉइंटमेंट महिन्याभराने नको, या आठवड्यात घ्या, स्किन किंवा संधिवाताचे डॉक्टर, कोणीही चालेल, नागपुरात सरकारी मेडिकल, मेयो हॉस्पिटल आणि मिहानचं एम्स तिन्हीकडे स्किनची ओपीडी आहे. पायाला किंवा डोळ्यांखाली सूज, फेसाळ लघवी, दम, छातीत दुखणं, फिट येणं, बोटाचं टोक काळं पडणं, यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता कॅज्युअल्टीत. जाताना ट्यूबचं नुसतं नाव नको, ट्यूबच घेऊन जा, चट्टे भडकलेले असतानाचे मोबाइलवरचे फोटो आणि बोटं पांढरी पडल्याचा एखादा फोटो पण ठेवा, कारण डॉक्टरसमोर ती कधीच पांढरी पडत नाहीत. आणि तिला नेलपॉलिश काढून जायला सांगा, दहाही बोटांचं.